१०२८ सामने, ५८ गोल: नागपुरातल्या एका इनलाइन हॉकी क्लासबद्दल

नागपुरात स्केटिंगचे क्लास गल्लोगल्ली आहेत. बहुतेक ठिकाणी पोरं गोल गोल फिरतात, स्पीड शिकतात आणि जिल्हा स्पर्धेच्या मागे लागतात. इनलाइन हॉकी, म्हणजे एका रांगेत चाकं असलेले स्केट्स घालून खेळायची हॉकी, शिकवणारे त्या मानाने थोडे. त्यातही बचाव हा स्वतंत्र विषय धरून शिकवणारा मला हा एकच भेटला, म्हणून सविस्तर लिहितो. माझी नात बारा वर्षांची आहे आणि इथे डिफेन्डर म्हणून खेळते. मी निवृत्त खाण सर्व्हेअर. तिला आणायचं-पोचवायचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे कडेच्या बाकावर बसून सगळं बघतो. बाकीचे पालक मोबाइलमध्ये असतात, मी वही घेऊन बसतो. ही सवय नोकरीची.

आधी जागा. खामल्याच्या पुढे, आतल्या रस्त्याला, एका मंगल कार्यालयाला लागून सिमेंटचं रिंक आहे. टेप लावून मोजलं तर लांबी ३६ मीटर आणि रुंदी १८ मीटर भरली. हा खेळ मोठ्या मैदानावर ४० ते ६० मीटर लांबीत खेळतात, म्हणजे हे रिंक थोडं आखूड आहे, पण शिकणाऱ्या पोरांना पुरतं. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून एका कोपऱ्याकडे हलका उतार दिलेला आहे. तो इतका हलका आहे की पक (या खेळात चेंडूऐवजी असते ती चपटी चकती) आपोआप घरंगळत नाही. फरशी गुळगुळीत घोटलेली आहे. फक्त पूर्वेकडच्या दोन सांध्यांमधला डांबरी मसाला खाली बसला होता, तिथे छोट्या मुलांची चाकं अडकायची. सरांना सांगितलं, त्यांनी त्याच आठवड्यात भरून घेतलं. कडेच्या फळ्या मात्र कमरेइतक्याही नाहीत. जोरात मारलेला पक मंगल कार्यालयाच्या मांडवात जातो, आणि लग्नसराईत ते बरं दिसत नाही.

शिकवणं आठवड्यातून चार दिवस, पहाटे. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, सात वाजता सिमेंट तापायला लागतं, म्हणून उन्हाळ्यात साडेपाचलाच सुरू करतात आणि पावणेसातला बंद. हिवाळ्यात अर्धा तास उशिरा. वेळ पाळतात, हे मुद्दाम लिहितो, कारण पहाटे उठवलेल्या पोराला बाहेर ताटकळत ठेवणं मला अजिबात खपत नाही.

नवीन मुलाला पहिले काही दिवस काठी मिळतच नाही. आधी पडायला शिकवतात, मग थांबायला, मग उलटं चालायला. हे उलटं चालणं म्हणजे या क्लासचा आत्माच आहे. समोरचा खेळाडू पक घेऊन अंगावर येत असतो आणि बचावपटूला त्याच्याकडे तोंड करून, मागे न बघता, त्याच्याच वेगाने मागे सरकावं लागतं. अंतर जास्त ठेवलं तर तो आरामात फटका मारतो, कमी ठेवलं तर एका झुकांडीत बाजूने निघून जातो. सर या अंतराला ‘गॅप’ म्हणतात आणि फरशीवर खडूने पट्टे मारून ते पोरांच्या अंगवळणी पाडतात. काठी एका हातात, पुढे, फरशीला टेकलेली. नजर पकवर ठेवायची नाही, समोरच्याच्या छातीवर ठेवायची, कारण हात फसवतात आणि छाती फसवू शकत नाही. इनलाइन हॉकीत अंगाने धडक मारायला परवानगी नसते, त्यामुळे मुलींनाही सगळं जमतं आणि सगळा भार पायांवर आणि डोक्यावर येतो.

एकदा एका नव्या मुलाच्या वडिलांनी सरांना विचारलं, “सर, आमचा पोट्टा काहून नुसता मागं मागं जाऊन राहिला? गोल कधी शिकवता त्याला?” सर म्हणाले, “शनिवारी संध्याकाळी घेऊन या त्याला. तुम्हीपण या, काका.”

मला खरं लिहायचंय ते शनिवारबद्दल.

शनिवारी अंधार पडला की कार्यालयाच्या मागच्या पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टर लागतो. मुलं सतरंजीवर, पालक खुर्च्यांवर, आणि कोणीतरी डब्यात आलूबोंडे घेऊन आलेलं असतं. जुने सामने दाखवतात, थांबवून थांबवून. एका मोसमात एकच खेळाडू धरतात आणि त्याचं पूर्ण आयुष्य उलगडतात. आमच्या नातीच्या बॅचला मिळाला पेत्र स्वोबोदा, चेक बचावपटू, बर्फावरच्या हॉकीतला. नागपुरात बर्फाचं मैदान नाही, आणि या पोरांपैकी कोणी बर्फावर उभंसुद्धा राहिलेलं नाही. तरी हा माणूस आता त्यांना पाठ आहे.

पहिल्या शनिवारी सरांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले. १०२८ आणि ५८. मग विचारलं, “हा माणूस एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीच्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये, नियमित हंगामाचे एक हजार अठ्ठावीस सामने खेळला आणि गोल केले अठ्ठावन्न. म्हणजे अठरा सामन्यांत एक. सांगा बरं, सतरा हंगाम याला संघात काहून ठेवला असंन?”

माझी नात मागे वळून मला म्हणाली, “आबाजी, अठ्ठावन्नच?” तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते दिलासा होता. शाळेच्या संघात तिच्या नावावर एकही गोल नव्हता, आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा पहिला प्रश्न तोच विचारायचा.

स्वोबोदाचा जन्म १९६६ चा, मोस्ट नावाच्या गावातला. त्या वेळच्या चेकोस्लोव्हाकियाच्या उत्तरेला, तपकिरी कोळशाच्या पट्ट्यात हे गाव येतं. इथे मात्र सरांना थांबवून मी बोललो, कारण हे गाव आमच्या धंद्यातल्या लोकांना ठाऊक आहे. मोस्टच्या खाली कोळसा होता, म्हणून जुनं शहर पाडलं आणि शेजारी नवं बांधलं. फक्त एक गॉथिक दगडी चर्च पाडायचं नाही असं ठरलं. मग १९७५ साली ते अख्खं उचलून रुळांवर चढवलं आणि ८४१ मीटर दूर नेऊन ठेवलं. अठ्ठावीस दिवस लागले, म्हणजे दिवसाला सरासरी तीस मीटर. ज्याने आयुष्यभर थिओडोलाइट लावून भूसंपादनाच्या हद्दी आखल्या त्याला हे ऐकून काय वाटतं ते शब्दांत सांगणं अवघड आहे. उमरेडच्या बाजूला, वणीकडे, चंद्रपुरात आपण गावं हललेली बघितली आहेत. देऊळ नव्या जागी बांधून मूर्ती नेतात, पण देऊळच रुळांवरून नेलेलं मी कुठे पाहिलं नाही. तेव्हा स्वोबोदा नऊ वर्षांचा होता. मुलांनी त्या दिवशी मला इतके प्रश्न विचारले की हॉकी बाजूला राहिली, आणि सरांनी ते चालू दिलं. शिकवणाऱ्याचा हा गुण मला फार मोठा वाटतो.

मोस्टच्या शेजारी लित्वीनोव्ह. लहानसं गाव, रासायनिक कारखाना, कोळसा आणि एक हॉकीचा क्लब. स्वोबोदा त्या क्लबकडून खेळत मोठा झाला. या एका कोपऱ्यातून किती माणसं निघाली ते पुढे नागानो ऑलिम्पिकच्या वेळी दिसतं.

१९८४ साली युरोपियन ज्युनिअर स्पर्धेसाठी त्याचा संघ पश्चिम जर्मनीत गेला आणि स्वोबोदा तिथून परतलाच नाही. वय अठरा. कम्युनिस्ट राजवटीच्या त्या काळात असं राहून जाणं म्हणजे परतीचा रस्ता स्वतःच्या हाताने बंद करणं. आजच्यासारखी करारावर परदेशी जायची सोय नव्हती, सरकार परवानगी देईल तेव्हाच आणि तीही बहुधा उतारवयातल्या खेळाडूला. आई-वडील मागे, भाषा येत नाही, देशाचा संघ कायमचा सुटलेला. त्याच जूनमध्ये मॉन्ट्रियलला एनएचएलची निवड झाली. यात क्लब आळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात, कमजोर क्लबाला आधी संधी. पहिल्या क्रमांकावर मारिओ लेम्यू गेला. पाचव्या क्रमांकाला मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने स्वोबोदाचं नाव पुकारलं, आणि लोक चकित झाले, कारण हा मुलगा प्रत्यक्ष त्या सभागृहात होता. क्लबाने त्याला गुपचूप आणून ठेवलं होतं.

मुलांना हा भाग सिनेमासारखा वाटतो हे उघड आहे. सरांनी मात्र तो लवकर आटोपला आणि जास्त वेळ दिला पुढच्या गोष्टीला: अंगाने सडपातळ, मोठ्या मैदानाची सवय असलेला मुलगा तिथे टिकला कसा. युरोपातलं मैदान तेव्हा ३० मीटर रुंद असायचं, एनएचएलचं जेमतेम २६. चार मीटर कमी म्हणजे विचार करायला वेळ कमी आणि धडका जास्त. स्वोबोदाकडे वजन नव्हतं, पाय होते. पक काढून घेतला की तो भिंतीवर आपटून मोकळा होण्याऐवजी डोकं वर करून पहिला पास द्यायचा, आणि हल्ला तिथूनच सुरू व्हायचा. त्याच्या नावावरचे ३४१ असिस्ट याच पासांतून आले. गोलच्या आधीचे शेवटचे दोन पास देणाऱ्यांना तिथे श्रेय मिळतं. सरांनी फळ्यावर ५८ च्या शेजारी ३४१ लिहिलं, बेरीज केली ३९९, आणि मग ‘प्लस-मायनस’ शिकवलं: दोन्ही बाजूंचे खेळाडू सारखे असताना तुम्ही मैदानावर आहात आणि तुमच्या संघाने गोल केला तर तुम्हाला अधिक एक, गोल खाल्ला तर उणे एक. स्वतः काही केलं की नाही हा प्रश्नच नाही.

त्या दिवसापासून क्लासमध्ये प्रत्येक मुलाचं प्लस-मायनस एका वहीत लिहिलं जातं. आमच्या नातीचं वाचून दाखवलं तेव्हा ती वर्गात दुसरी होती. घरी येऊन तिने पाहुण्यांसाठी ते फ्रिजवर चिकटवलं.

१९८६ मध्ये मॉन्ट्रियलने स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला. गोलरक्षक होता पॅट्रिक रुआ, तोही त्याच १९८४ च्या निवडीतून त्याच क्लबाने घेतलेला, पण ५१ व्या क्रमांकाला. हे सरांनी सांगितलं तेव्हा मागच्या रांगेतले दोन गोलकीपर पहिल्यांदा ताठ बसले. पुढे १९९२ मध्ये स्वोबोदा बफेलोला गेला, १९९५ मध्ये फिलाडेल्फियाला. बफेलोत त्याच्या मागे गोलमध्ये उभा राहायचा डॉमिनिक हाशेक, त्याच्याच देशाचा. मधल्या काळात १९८९ ला ती कम्युनिस्ट राजवट कोसळली होती आणि १९९३ च्या पहिल्या दिवशी देशाचे दोन देश झाले होते. ज्या देशातून तो पळाला तो नकाशावर उरलाच नव्हता. हे वाक्य माझं आहे, सरांचं नाही, पण नकाशे हाताळत जन्म गेलेल्या माणसाला ते लिहिल्यावाचून राहवत नाही.

मग नागानो. जपान, फेब्रुवारी १९९८. पहिल्यांदाच एनएचएलने आपला हंगाम थांबवून सगळ्या खेळाडूंना ऑलिम्पिकला जाऊ दिलं होतं. अमेरिका आणि कॅनडा यांचे संघ तारांकितांनी भरलेले. चेक संघाचा प्रशिक्षक इव्हान ह्लिंका, जन्म मोस्टचा, खेळाडू लित्वीनोव्हचा. कर्णधार व्लादिमीर रुझिच्का, जन्म मोस्टचा, खेळाडू लित्वीनोव्हचा. साखळीत हा संघ रशियाकडून २-१ हरला. बाद फेरीत अमेरिकेला ४-१ ने हरवलं. उपांत्य सामन्यात कॅनडासमोर चेक संघाचा एकुलता गोल केला यिरी श्लेगरने, तो बचावपटू आणि लित्वीनोव्हचाच. कॅनडाने शेवटच्या दोन मिनिटांत बरोबरी केली. पेनल्टी फटक्यांत हाशेकने पाचही जणांना अडवलं, त्यात फिलाडेल्फियात स्वोबोदाचा कर्णधार असलेला एरिक लिंड्रोसही होता. चेककडून एकट्या रॉबर्ट राइखेलचा फटका आत गेला, आणि राइखेल जन्माने लित्वीनोव्हचा.

सरांनी भिंतीवर नकाशा लावला होता. मोस्ट आणि लित्वीनोव्ह ही दोन गावं शेजारी-शेजारी आहेत, आपल्याकडच्या कामठी आणि नागपूरइतकीही दूर नाहीत. मी पुन्हा एकदा सगळ्यांना कोळसा समजावला. एवढ्याशा पट्ट्यातून एका ऑलिम्पिक संघाचा कणा निघाला, याचं कारण मला तरी हेच दिसतं की तिथे एक क्लब होता, एक बर्फाचं मैदान होतं आणि शिकवणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिली. खामल्याच्या पुढचं हे सिमेंटचं रिंक बघताना माझ्या डोक्यात हे घोळत असतं, आणि आमच्या शहरातल्या धनिकांनी त्याकडे बघावं असं मला मनापासून वाटतं.

२२ फेब्रुवारीचा अंतिम सामना, समोर पुन्हा रशिया. दोन सत्रं कोरी गेली. तिसऱ्या सत्रात ४९ व्या मिनिटाला पावेल पटेरा आणि मार्टिन प्रोखाझ्का यांच्याकडून पक ब्लू लाइनजवळ, म्हणजे गोलपासून लांब असलेल्या हल्ल्याच्या हद्दीच्या रेघेजवळ, उभ्या स्वोबोदाकडे आला. त्याने मारलेला फटका गर्दीतून वाट काढत रशियाचा गोलरक्षक मिखाइल श्तालेन्कोव्हला चकवून जाळ्यात गेला. १-० आणि सामना तिथेच ठरला. पळून गेल्याला चौदा वर्षं झाली होती. चेक राजधानी प्राहाच्या (प्रागच्या) जुन्या चौकात भल्या पहाटे पडद्यासमोर लोकांची दाटी झाली होती.

इथे या क्लासची खरी किंमत कळते. गोल सरांनी एकदाच दाखवला. पोरं ओरडली, “सर, अजून एकदा!” सरांनी नकार दिला आणि गोलनंतरची जवळजवळ बारा मिनिटं न कापता दाखवली. एक गोलाची आघाडी, समोर पावेल बुरेचा संघ, आणि पाच जण फक्त जागा अडवतायत. सर मधे मधे थांबवून एकेका मुलाला भिंतीपाशी बोलावत: “तू आता इथे असता तर काठी कुठे ठेवली असती?” “हा बाहेरून येऊन राहिला, याच्याकडे जाशील की मधला धरशील?” माझ्या नातीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “मधला धरीन. बाहेरचा मारो, आपला गोली बघून घेते.” बरोबर होतं. बाहेरून मारलेला फटका कोनातून येतो आणि गोलरक्षकाला सोपा जातो, मधून मारलेला अवघड. बारा वर्षांच्या मुलीने हे स्वतः शोधून सांगितलं, आणि सोमवारी पहाटे रिंकवर तीच गोष्ट तिने करून दाखवली. भिंतीवरचं शिकणं फरशीवर उतरतं की नाही यावर मी क्लास जोखतो. इथे उतरतं.

तो पहिला प्रश्न विचारणारे गृहस्थ त्या संध्याकाळी शेवटपर्यंत बसले. निघताना सरांना म्हणाले, “उपांत्य सामन्यात डिफेन्डर, फायनलमध्येबी डिफेन्डर. दोन्ही गोल मागच्या पोट्ट्यांचेच की हो.” आता ते त्यांच्या मुलाला उलटं चालताना बघून काही बोलत नाहीत, कधीकधी टाळ्या वाजवतात.

शेवटचे दोन शनिवार कारकिर्दीच्या उताराला दिले होते, आणि हे मला विशेष आवडलं. मुलांना सहसा विजयापाशी आणून सोडतात. स्वोबोदा नागानोनंतर टॅम्पा बे संघात गेला, एनएचएलमध्ये हजार सामन्यांचा टप्पा ओलांडणारा पहिला चेक ठरला आणि मग डोक्याला बसलेल्या माराने त्याची कारकीर्द २०००-०१ च्या हंगामात संपली. नंतर तो खेळाडूंचा एजंट झाला, प्रसिद्ध चेक खेळाडू यारोमीर यागरचं कामही त्याने पाहिलं. सरांनी त्या दिवशी मेंदूला मार लागतो म्हणजे काय होतं ते सोप्या शब्दांत सांगितलं: बाहेर रक्त येत नाही, टेंगूळही येत नाही, तरी आत इजा होऊ शकते. डोकं दुखणं, उजेड सहन न होणं, उलटीसारखं वाटणं, काही आठवेनासं होणं, यातलं काहीही झालं तर लगेच सांगायचं आणि डॉक्टरने हो म्हणेपर्यंत रिंकवर यायचं नाही. १९८४ मध्ये स्वोबोदा तिकडे पोचला तेव्हाही एनएचएलमध्ये जुने काही खेळाडू हेल्मेटशिवाय खेळत, नियम १९७९ नंतर करार केलेल्यांनाच लागू होता. या क्लासमध्ये हेल्मेटचा पट्टा सैल असेल तरी आत सोडत नाहीत. एका उद्योजकाचा मुलगा विनाहेल्मेट आला तर त्याला पालकांसमोर बाकावर बसवलं होतं, कोणाचा मुलगा आहे हे न बघता. या एका गोष्टीसाठी मी या माणसाला सलाम करतो.

पुढच्या मोसमाला रोमान हामर्लिक आहे असं कळलं. झ्लीनचा, १९९२ मध्ये निवडीत पहिल्या क्रमांकावर, एकूण १३९५ सामने, आणि नागानोच्या त्याच संघात. स्वोबोदाला जिथे पळून जावं लागलं तिथे आठ वर्षांनी हामर्लिक उघडपणे गेला. दोघांना एकापाठोपाठ शिकवायची कल्पना छान आहे.

आता उणिवा. सतरंजीवर बसून बघायचं असल्याने लहान मुलं तासाभराने चुळबुळतात, मधे मोठी सुट्टी हवी. प्रोजेक्टरचा उजेड कमी आहे. उन्हाळ्यात अंधार पडायला सात वाजतात, त्यामुळे घरी पोचेपर्यंत नऊ होतात. मुलींना कपडे बदलायला वेगळी खोली नाही. कार्यालय रिकामं असेल तर तिथली मिळते, लग्न असेल तर मुली घरूनच तयार होऊन येतात. बारा-पंधरा मुली येत असताना हे असं चालू राहणं मला पटत नाही आणि ते मी सरांना तोंडावर सांगितलंय. पिण्याच्या पाण्याचा कॅन आहे, पण मे महिन्यात पुरत नाही. पावसाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये निम्मे दिवस रिंक ओलं असतं, तेव्हा शेजारच्या हॉलमध्ये स्केट्सशिवाय पायांचे व्यायाम घेतात. ते चांगले आहेत, पण फी पूर्ण लागते. त्या दोन महिन्यांची थोडी कमी करावी.

फी महिना १८०० रुपये, त्यात शनिवार धरलेला आहे. पालकांकडून शनिवारचे वेगळे पैसे घेत नाहीत. सुरुवातीला काठी आणि गुडघ्या-कोपरांचे गार्ड क्लासचे वापरता येतात. स्केट्स मात्र स्वतःचे लागतात. सर कुठल्याही दुकानाचं नाव सुचवत नाहीत, फक्त काय बघायचं ते सांगतात: बूट घोट्याशी ताठ हवा, पुढे बोटं टेकतील न टेकतील इतकाच मोठा हवा, “वाढत्या पायाला” म्हणून दोन नंबर मोठा घेऊ नये. सिमेंटवर मऊ चाकं भराभर झिजतात, म्हणून ८२ ते ८४ कठीणपणाची चाकं घ्यावीत, लाकडी किंवा टाइलच्या रिंकसाठी असतात तशी ७४-७६ ची नकोत. चाकांची आतली बाजू जास्त घासते, तेव्हा महिन्यातून एकदा उजवीकडची डावीकडे फिरवून लावायची. हे काम मी सगळ्या मुलांना अ‍ॅलन की देऊन शिकवलंय, आता ती स्वतः करतात.

कोणाला शोभेल? मुलाला तीन महिन्यांत मेडल हवं असेल तर दुसरीकडे जा, चांगले स्पीडचे क्लास आहेत. मूल सावकाश शिकणारं असेल, निरीक्षण करणारं असेल, किंवा संघात त्याला नेहमी ‘मागे उभा राहा’ म्हणत असतील, तर इथे घेऊन या. वयाची अट आठ वर्षं. नवीन बॅच दिवाळीनंतर सुरू होते. आधी एक शनिवार फुकट येऊन बसता येतं, आईवडिलांपैकी एकाने सोबत यावं असा आग्रह असतो. आजोबा चालतात. खुर्च्या कमी पडतात, शक्य असेल तर घडीची आपली आणा, आणि गाडी कार्यालयाच्या फाटकासमोर न लावता पुढच्या मोकळ्या प्लॉटवर लावा.